दिनविशेष : ५ फेब्रुवारी १९६३
पश्चिम जर्मनीतून आणलेल्या युरिया-फॉर्माल्डिहाइडवर डच सरकारने ३ ऐवजी ८ टक्के जकात लावली. ‘व्हॅन गेंड एन लोस’ या वाहतूक कंपनीने युरोपीय आर्थिक समुदायाच्या रोम करारातील, जकातवाढीला मनाई करणाऱ्या १२व्या कलमावर बोट ठेवले. पण करार सरकारांमधला. खासगी कंपनी त्यावर दाद कशी मागणार? लक्झेंबर्गमधील युरोपीय न्यायालयाने आजच्या दिवशी निकाल दिला : मागू शकते! सुनावणीत तीन सरकारांनी विरोध करूनही.

अभ्यासकांनी पुढे या निकालाचा अक्षरशः कीस काढला. मिशिगन विद्यापीठाच्या एरिक स्टाइन यांनी १९८१मध्ये अशा प्रमुख खटल्यांतील सरकारे, युरोपीय आयोग आणि न्यायालय यांच्या भूमिका शेजारीशेजारी मांडून करारातून राज्यघटना कशी घडत गेली हे दाखवले. जोसेफ वायलर यांचा १९९१चा निबंधही तितकाच मोलाचा. युरोप समजून घ्यायचा तर या दोघांना वगळून चालत नाही.