डायनॅमिक फॉन्टचा काळ : मराठी संकेतस्थळे आणि ब्राउझरचे बंधन

विसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी वृत्तपत्रांनी आपली संकेतस्थळे सुरू केली आणि तेव्हापासून जवळजवळ दशकभर त्यांवरील मजकूर वाचता येईल की नाही, हे वाचकाच्या संगणकावर कोणता ब्राउझर आहे यावर ठरत राहिले. ब्राउझर म्हणजे संकेतस्थळावरून आलेली सांकेतिक माहिती पडद्यावर पानाच्या रूपात मांडणारा प्रोग्रॅम. विंडोजवरील इंटरनेट एक्सप्लोररमध्ये जे पान सुबक देवनागरीत दिसे, तेच फायरफॉक्समध्ये किंवा लिनक्सच्या संगणकावर उघडले की रोमन अक्षरे, युरोपीय भाषांतील स्वरांवरची चिन्हे आणि विरामचिन्हे यांची निरर्थक सरमिसळ होऊन उमटे. भारतीय भाषांच्या संगणकीय इतिहासातील या टप्प्याला, त्यात वापरल्या गेलेल्या तंत्रावरून, डायनॅमिक फॉन्टचा काळ म्हणता येईल. त्या काळाकडे मागे वळून पाहताना असे दिसते, की तात्पुरती सोय पत्करणे त्या वेळी अपरिहार्यच होते. मात्र त्या सोयीच्या साच्यात मूळ मजकूरच साठवला गेला आणि त्याची किंमत मराठीला अजून मोजावी लागत आहे.

या अडचणीचे मूळ ब्राउझरच्याही आधीचे आहे. संगणक अक्षरे साठवत नाही, अक्षरांना दिलेले क्रमांक साठवतो आणि कोणत्या क्रमांकाला कोणते अक्षर हे ठरवणाऱ्या तक्त्याला संकेतप्रणाली म्हणतात. अमेरिकेत रूढ झालेल्या अॅस्की या प्रणालीत १२८ जागा होत्या आणि तिच्या विस्तारित रूपांत २५६. या जागा रोमन लिपी आणि पश्चिम युरोपातील भाषांची चिन्हे यांनी व्यापलेल्या होत्या. भारतीय लिप्यांसाठी इस्की ही प्रणाली तयार झाली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने तिला आयएस १३१९४ या क्रमांकाने मानक म्हणून मान्यता दिली. तिच्या प्रसारात पुण्याच्या सी-डॅक या संस्थेतील जिस्ट गटाचा वाटा मोठा होता. इस्कीत अक्षरांना उच्चाराच्या क्रमाने क्रमांक दिले जात आणि त्यांतून जोडाक्षर घडवण्याचे काम प्रोग्रॅमकडे सोपवलेले असे. ही मांडणी लिपीच्या स्वभावाला धरून होती; परंतु विंडोजवर पाने जुळवण्याचे म्हणजे डीटीपीचे काम करणाऱ्या रोजच्या वापरातील प्रोग्रॅमांना इस्की कळत नव्हती.

छपाईच्या व्यवसायाने म्हणून दुसरा मार्ग धरला. रोमन अक्षरांसाठी राखलेल्या २५६ जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले फॉन्ट तयार करण्यात आले. सी-डॅकचे फॉन्ट, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, बंगळूरच्या सायबरस्केपची आकृती अशा अनेक उत्पादनांनी वृत्तपत्रांची आणि छापखान्यांची कार्यालये व्यापली आणि यातील प्रत्येकाने तुकड्यांची मांडणी आपापल्या पद्धतीने केली. अशा फॉन्टमध्ये ‘धर्म’ हा शब्द कसा साठवला जाई हे पाहण्यासारखे आहे. अनेक फॉन्टमध्ये अर्धा ध आणि त्याला पूर्ण करणारी उभी काठी, मग अर्धा म आणि त्याची काठी, आणि सर्वांत शेवटी रफार असा क्रम असे. म्हणजे उच्चारात म च्या आधी येणारा र साठवणीत म च्या नंतर जाई. याउलट ‘किती’ या शब्दात पहिली वेलांटी क च्या आधी नोंदली जाई, कारण कागदावर ती आधी दिसते. संगणकाच्या दृष्टीने हा मजकूर मराठी नव्हताच. तो रोमन चिन्हांचा एक क्रम होता आणि ठरावीक फॉन्ट चढवला की तेवढ्यापुरता त्याला देवनागरी चेहरा मिळत होता. छपाईत यामुळे काही बिघडत नव्हते, कारण फॉन्ट आणि मजकूर दोन्ही एकाच कार्यालयात असत आणि वाचकाच्या हाती फक्त कागद पडे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली आणि पुढील काही वर्षांत वृत्तपत्रे संकेतस्थळांकडे वळली, तेव्हा मात्र मजकूर आणि फॉन्ट यांची फारकत झाली. मजकूर वाचकाच्या संगणकावर पोहोचे, पण फॉन्ट वृत्तपत्राच्या कार्यालयातच राही. त्यामुळे आरंभीच्या संकेतस्थळांवर फॉन्ट उतरवून घेण्याचा दुवा आणि तो संगणकात बसवण्याच्या सूचना ठळकपणे दिलेल्या असत; काही ठिकाणी ब्राउझरच्या मेनूत जाऊन संकेतप्रणाली ‘यूजर डिफाइन्ड’ करावी, असेही सांगितलेले असे. वृत्तपत्र बदलले की फॉन्टही बदले. या संकेतस्थळांचा एक मोठा वाचकवर्ग परदेशातील मराठी माणसांचा होता आणि त्यांपैकी ज्यांना कार्यालयातील किंवा ग्रंथालयातील संगणकावर काहीही नवे बसवण्याची मुभा नव्हती, त्यांच्यापुढे हा मार्ग बंदच होता.

डायनॅमिक फॉन्ट हे या अडचणीवरचे उत्तर म्हणून आले. पानाबरोबरच फॉन्टची लहानशी फाइल पाठवायची, ब्राउझरने ती त्या पानापुरती वापरायची आणि वाचकाला काहीच बसवावे लागू नये, अशी ही कल्पना होती. १९९७ मध्ये नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट या दोन्ही कंपन्यांनी आपापल्या ब्राउझरच्या चौथ्या आवृत्तीत ती आणली, पण दोघींचे तंत्र एकमेकांशी जुळणारे नव्हते. नेटस्केपने बिटस्ट्रीम कंपनीचे ट्रूडॉक तंत्र घेतले, तर मायक्रोसॉफ्टने ईओटी नावाची स्वतःची फाइल-रचना आणली आणि ती तयार करण्यासाठी वेफ्ट हे साधन दिले. वेफ्ट संकेतस्थळाची पाने तपासून त्यांत वापरलेली चिन्हे निवडू शके, तेवढ्यांचाच आटोपशीर फॉन्ट बनवी आणि तो ठरावीक संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधून टाकी. फॉन्टची चोरी होईल या भीतीने ग्रासलेल्या उत्पादकांना ही बांधणी सोयीची वाटली. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने मे १९९८ मध्ये जाहीर केलेल्या, पानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएस या मानकाच्या दुसऱ्या आवृत्तीत पानाबरोबर फॉन्ट पाठवण्याची तरतूद होती. मात्र त्या फॉन्टची फाइल कोणत्या रचनेची असावी हे मानकाने सक्तीचे केले नाही आणि ही मोकळी जागा दोन कंपन्यांच्या स्पर्धेने भरून काढली.

स्पर्धेचा निकाल लवकरच लागला. नोव्हेंबर २००० मध्ये आलेल्या नेटस्केपच्या सहाव्या आवृत्तीत ट्रूडॉकला स्थान उरले नाही, तर दुसरीकडे विंडोजबरोबर आपोआप येणारा इंटरनेट एक्सप्लोरर जगातील बहुसंख्य संगणकांवर पोहोचला. भारतीय भाषांच्या संकेतस्थळांना मग ईओटी एवढाच व्यवहार्य पर्याय राहिला. हे पान इंटरनेट एक्सप्लोररमध्ये आणि पडद्याची मांडणी ८०० गुणिले ६०० ठेवून पाहावे, अशा अर्थाची सूचना पानाच्या तळाशी रूढ झाली. या निवडीबद्दल त्या काळच्या संपादकांना किंवा तंत्रज्ञांना दोष देणे न्याय्य ठरणार नाही. छापील आवृत्तीसाठी जुळवलेला मजकूर जसाच्या तसा वेबवर नेता येत होता, कर्मचाऱ्यांना नवे टंकलेखन शिकावे लागत नव्हते आणि विंडोज ९५ किंवा ९८ वापरणाऱ्या सामान्य वाचकाला मराठी दाखवण्याचा याहून सोपा मार्ग त्या वेळी उपलब्ध नव्हता.

तरीही या सोयीने तीन गोष्टी हिरावून घेतल्या. लिनक्स किंवा मॅक वापरणारा वाचक बाहेर राहिला, ही पहिली आणि सर्वांच्या लक्षात येणारी गोष्ट. दुसरी अशी, की या मजकुरात शोध घेता येत नसे: शोधयंत्राला पानावर रोमन चिन्हेच दिसत, त्यामुळे ‘दुष्काळ’ किंवा ‘कोयना’ हा शब्द शोधणाऱ्याच्या हाती त्या विषयावरच्या शेकडो बातम्यांपैकी एकही लागत नसे. तिसरी गोष्ट मजकुराच्या देवाणघेवाणीची. पानावरचा उतारा उचलून पत्रात किंवा टिपणात चिकटवला, की देवनागरी चेहरा गळून पडे आणि खालची चिन्हे उघडी पडत. वाचता येणारी, पण शोधता, उद्धृत करता किंवा वर्णानुक्रमे लावता न येणारी भाषा वेबवर अर्धीच नांदत होती.

या कोंडीतून बाहेर पडण्याचा मार्ग तत्त्वतः आधीच तयार होता. जगातील सर्व लिप्यांना स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्याच आवृत्तीत, इस्कीच्या १९८८ मधील मांडणीवर आधारलेला देवनागरीचा १२८ जागांचा विभाग होता. त्यात ‘धर्म’ हा शब्द ध, र, हलन्त, म अशा उच्चाराच्या क्रमाने साठवला जातो आणि रफार कुठे चढवायचा हे प्रोग्रॅम ठरवतो. मात्र त्यासाठी जोडाक्षरे घडवणारी व्यवस्था संगणकप्रणालीतच असावी लागते. विंडोजमध्ये ती देवनागरीसाठी २००० साली, मंगल या फॉन्टसह आली. त्यानंतरच्या विंडोज एक्सपीवरही वाचकाला कंट्रोल पॅनेलमधील प्रादेशिक भाषांच्या विभागात जाऊन जटिल लिप्यांच्या चौकटीत खूण करावी लागे आणि त्या वेळी अनेकदा विंडोजची मूळ सीडी मागितली जाई. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया आरंभापासून युनिकोडमध्ये लिहिला गेला, तो अशा परिस्थितीत.

युनिकोड आल्यावरही ब्राउझरांमधील फरक लगेच मिटले नाहीत. फायरफॉक्सच्या दुसऱ्या आवृत्तीपर्यंत, मजकूर दोन्ही समासांना समान जुळवलेला असला की अक्षरे आणि मात्रा सुट्या होऊन विखुरत. जून २००८ मधील तिसऱ्या आवृत्तीत हा दोष दूर झाला. मराठीच्या खास गरजांना तर अधिक वाट पाहावी लागली. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील फरक दाखवणारा र चा आडवा अर्धा आकार दोन वेगळ्या पद्धतींनी साठवता येत असल्याने, दिसायला सारखे शब्द शोधात एकमेकांशी जुळत नसत. ‘अॅ’ या अक्षराला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो युनिकोडच्या एप्रिल २००८ मधील ५.१ या आवृत्तीत.

दरम्यान जुन्या संकेतस्थळांचा मजकूर फायरफॉक्समध्ये वाचता यावा म्हणून पद्म नावाची पुरवणी तयार झाली होती. ती आधी तेलुगूसाठी आणि पुढे इतर भारतीय लिप्यांसाठी, फॉन्टनिहाय तक्त्यांच्या आधारे, चिन्हांचे युनिकोडमध्ये रूपांतर करी. २००८-०९ मध्ये सफारी आणि फायरफॉक्स यांनी पानाबरोबर साधा फॉन्ट पाठवण्याची सोय दिली आणि डिसेंबर २०१२ मध्ये डब्ल्यूथ्रीसीने वॉफ ही फॉन्टची सामाईक रचना मानक म्हणून स्वीकारली. फॉन्ट पानाबरोबर पाठवण्याची १९९७ ची कल्पना अशा रीतीने अखेर सर्व ब्राउझरांत रुजली. फरक इतकाच, की आता फॉन्ट फक्त अक्षराचे रूप ठरवतो, त्याची ओळख नाही.

मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी इंटरनेट एक्सप्लोररच्या शेवटच्या आवृत्तीचा आधार बहुतेक विंडोज संगणकांवर काढून घेतला आणि ईओटी फॉन्ट वाचणारा तो नेहमीच्या वापरातला ब्राउझर इतिहासजमा झाला. इंटरनेट आर्काइव्हसारख्या संस्थांनी त्या काळातील पाने जपली असली, तरी सोबत फॉन्टची फाइल नसेल किंवा ती जुन्या पत्त्याशी बांधलेली असेल, तर त्यांतून आज मराठी उमटत नाही. म्हणजे १९९० नंतरच्या दोन दशकांतील महाराष्ट्राचा अभ्यास करू पाहणाऱ्यासाठी शंभर वर्षांपूर्वीचा छापील अंक वाचनीय आहे आणि पंचवीस वर्षांपूर्वीची डिजिटल बातमी वाचनीय नाही. हे नुकसान भरून निघण्याजोगे आहे, कारण प्रत्येक फॉन्टचा तक्ता हाती असेल तर रूपांतर करता येते. पण ते तक्ते जाणणारी माणसे आणि ते फॉन्ट असलेले संगणक आहेत, तोवरच हे काम सुकर आहे. अनेक कार्यालयांत आजही मराठी मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टंकित होतो आणि त्यापासून बनवलेल्या पीडीएफमध्ये शोध लागत नाही. वृत्तपत्रांनी, ग्रंथालयांनी आणि विद्यापीठांनी आपापल्या संग्रहातील असा मजकूर मूळ फॉन्टसह जपणे, त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे आणि नवा मजकूर पहिल्यापासूनच युनिकोडमध्ये लिहिणे, हे मराठीच्या अलीकडच्या इतिहासाचे दप्तर राखण्याचे काम आहे आणि ते तातडीने व्हायला हवे.