भाऊसाहेबांचा तोतया

10 ऑगस्ट 1763 ला बीड जिल्ह्यातल्या राक्षसभुवनला, गोदाकाठी, पेशवे माधवरावांनी निजामाची फौज मोडली. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर त्यात पडला आणि त्याबद्दल कोणी शंका घेतली नाही. रणांगण जिंकणाऱ्याच्या ताब्यात राहते, प्रेतेही त्यालाच ओळखता येतात.

अडीच वर्षांपूर्वी पानिपतावर हे भाग्य अब्दालीचे होते. परतूरहून मराठ्यांची फौज घेऊन निघालेल्या सदाशिवरावभाऊंचे शीर नसलेले धड जुन्या खुणांवरून ओळखले गेले, काशीराज पंडिताच्या देखरेखीत त्याला अग्नीही मिळाला. पण काशीराज अब्दालीच्या बाजूच्या शुजाउद्दौल्याच्या पदरचा माणूस. पुण्याला पोचली ती नुसती वार्ता. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी कुंकू पुसले नाही. 1783 मध्ये गेल्या तोवर त्या सवाष्णच होत्या. पेशव्यांच्या घरातच भाऊ पुरते मेले नव्हते, मग बुंदेलखंडातल्या सुखलाल नावाच्या कनोज्या ब्राह्मणाने ‘मीच भाऊ’ म्हटले तर लोकांनी कान टवकारले यात नवल नाही.

माधवरावांच्या चौकशीत तो तोतया ठरला. तरी मारला नाही, किल्ल्यांत डांबला. (इतकी दया त्या काळी स्वस्त नव्हती, ब्राह्मणहत्येची भीती होतीच, पण माझ्या मते घरातली ती एक सवाष्णही आडवी आली असावी.) ही शिल्लक 1776 मध्ये महागात पडली. गादीवर दोन वर्षांचे पोर, राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला. अशा वेळी रत्नागिरीचा अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे याने कैद्याला बाहेर काढून भाऊसाहेब म्हणून उभे केले. कोकणातले किल्ले भराभर त्याच्याकडे गेले. या सगळ्यांना तो खरा वाटला असेल असे मला वाटत नाही. नाना फडणिसांवर रुसलेल्यांना पेशव्यांच्या घरातले एक वडील माणूस हवे होते, ते मिळाले.

त्याच्यावर धाडले महादजी शिंद्यांना, जे स्वतः पानिपतावरून पायाला कायमचे अधूपण घेऊन परतले होते. पळताना तोतया कुलाब्याच्या रघूजी आंग्र्यांच्या हाती लागला. पुण्यात पुन्हा चौकशी झाली आणि डिसेंबर 1776 मध्ये त्याला मेखा ठोकायच्या मेखसूने ठार केले.

चौकशीने सुखलाल खोटा ठरला, भाऊ मेल्याचे मात्र शाबीत झाले नाही. पार्वतीबाईंचे कुंकू त्यानंतरही सात वर्षे तसेच होते.