अमेरिकेतील निर्वासित पुनर्वसनातील स्वयंसेवा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत येणाऱ्या निर्वासित कुटुंबांच्या संसाराची घडी बसेपर्यंत नागरिक व विद्यार्थी यांनी विनावेतन केलेल्या संघटित मदतीस निर्वासित पुनर्वसनातील स्वयंसेवा असे म्हटले जाते. विमानतळावर स्वागत करणे, रिकामे घर राहण्याजोगे करणे, मुलांची नावे शाळेत घालणे, मोठ्यांना इंग्रजी शिकवणे ही त्यातील नेहमीची कामे होत. ही मदत सरकारी योजनेबाहेरची वरकड गोष्ट नाही. प्रवेशाची परवानगी व प्राथमिक निधी केंद्र सरकार देते, प्रत्यक्ष वसवण्याचे काम खाजगी संस्था करतात आणि या संस्थांचे मोजके पगारी कर्मचारी स्वयंसेवक व इंटर्न यांच्या मदतीनेच ते पार पाडू शकतात. कुटुंबाला आधार द्यायचा, पण घराचा कारभार आई-वडिलांच्या हातून काढून घ्यायचा नाही, हा या कामातील सर्वांत कठीण भाग होय.

संज्ञा

निर्वासित, आश्रयार्थी व स्थलांतरित हे शब्द बोलण्यात एकमेकांसाठी वापरले जात असले, तरी अमेरिकी कायद्यात त्यांचे अर्थ वेगळे आहेत. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व यांमुळे छळ होण्याची साधार भीती असलेली व देशाबाहेरच निवड होऊन अमेरिकेत आणली जाणारी व्यक्ती म्हणजे निर्वासित. तिला आल्या दिवसापासून नोकरी करता येते आणि एका वर्षानंतर कायम वास्तव्यासाठी अर्ज करावा लागतो. आश्रयार्थी अमेरिकेत किंवा तिच्या सीमेवर पोहोचल्यानंतर आश्रय मागतो आणि अर्जाचा निकाल लागेपर्यंत अनिश्चिततेत राहतो. पुनर्वसनाच्या सरकारी सेवा त्याला सहसा मिळत नाहीत, त्यामुळे त्याच्या वाट्याला बहुधा केवळ स्वयंसेवकांचीच मदत येते. नोकरी किंवा नातेसंबंधांच्या आधारे येणारे स्थलांतरित हा तिसरा वर्ग. इंग्रजीचे वर्ग व नागरिकत्व परीक्षेची तयारी यांचा लाभ तिन्ही वर्गांतील लोक घेतात.

इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्व व दक्षिण युरोपातून आलेल्या लोकांना मदत करण्यासाठी त्यांच्याच समाजांनी संस्था उभारल्या. रशियन साम्राज्यातून येणाऱ्या ज्यूंसाठी न्यू यॉर्कमध्ये सुरू झालेली 'हायस' ही त्यांपैकी एक संस्था होय. ती आजही कार्यरत आहे. एलिस बेटावरील तपासणी केंद्र १८९२ मध्ये उघडले आणि १९५४ मध्ये बंद झाले. तेथे अशा संस्थांचे प्रतिनिधी उतरणाऱ्यांच्या मदतीस उभे असत. न्यू यॉर्कचे पुढील काळातील महापौर फिओरेलो ला गार्डिया यांनी १९०७ ते १९१० या काळात येथे दुभाषा म्हणून काम केले व त्याच वेळी ते कायद्याचे शिक्षण घेत होते. त्यांची नोकरी पगारी असली, तरी आजच्या इंटर्नचा दिनक्रम फारसा वेगळा नसतो.

जेन ॲडम्स व एलेन गेट्स स्टार यांनी १८८९ मध्ये शिकागोच्या हॅल्स्टेड रस्त्यावर स्थापन केलेल्या 'हल हाउस'ने या कामाला वेगळे वळण दिले. लंडनच्या टॉयन्बी हॉलच्या धर्तीवर सुशिक्षित तरुण-तरुणी येथे स्थलांतरितांच्या वस्तीतच राहत, बालवाडी व इंग्रजीचे वर्ग चालवत आणि शेजाऱ्यांच्या अडचणी समजून घेत. मुले इंग्रजी झपाट्याने शिकतात, आई-वडील मागे राहतात आणि मुलांना त्यांची लाज वाटू लागते, हे ॲडम्स यांच्या लक्षात आले. म्हणून १९०० मध्ये हल हाउसमध्ये श्रमसंग्रहालय सुरू झाले. तेथे इटली, सीरिया, आयर्लंड अशा देशांतून आलेल्या स्त्रिया आपापल्या पद्धतीने सूत कातून व विणून दाखवत. एक इटालियन मुलगी डोक्याला रुमाल बांधणाऱ्या आपल्या आईबरोबर येणे टाळून दुसऱ्या दाराने आत शिरत असे. पाहुणे आईच्या कौशल्याची वाखाणणी करत असल्याचे कानी पडल्यानंतर ती आईसोबत एकाच दाराने येऊ लागली, अशी आठवण ॲडम्स यांनी आत्मचरित्रात नोंदवली आहे. ॲडम्स यांना १९३१ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४८ च्या विस्थापित व्यक्ती कायद्याने युरोपातील विस्थापितांना प्रवेश देताना त्यांच्या घराची व नोकरीची हमी मागितली. या हम्या मुख्यतः धार्मिक व सामाजिक संस्थांनी मिळवून दिल्या. १९७५ मध्ये सायगावच्या पाडावानंतर सुमारे १ लाख ३० हजार लोक अमेरिकेत आले आणि त्यांना कॅलिफोर्निया, आर्कान्सा, फ्लोरिडा व पेनसिल्व्हेनिया या राज्यांतील चार लष्करी तळांवर ठेवण्यात आले. बहुतेकांना तळावरून बाहेर पडण्यासाठी पुरस्कर्ता मिळणे आवश्यक होते. एखादे चर्च किंवा एखादे कुटुंब ती जबाबदारी घेत असे. पुरस्कर्ता कसा मिळतो यावर कुटुंबाचे नशीब अवलंबून राही. या तात्पुरत्या व्यवस्थेच्या जागी १७ मार्च १९८० रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी स्वाक्षरी केलेला निर्वासित कायदा आला. तेव्हापासून ३० लाखांहून अधिक निर्वासितांना अमेरिकेत प्रवेश मिळाला आहे.

पहिले नव्वद दिवस

या कायद्यानुसार उभी राहिलेली व्यवस्था २०२५ च्या प्रारंभापर्यंत साधारण एकाच पद्धतीने चालत होती. राष्ट्रीय पातळीवरील संस्था परराष्ट्र खात्याशी करार करीत आणि त्यांच्या स्थानिक शाखा पहिल्या ३० ते ९० दिवसांतील सेवा पुरवीत. सेवांची यादी बारकाईने ठरलेली असे. कुटुंबाला विमानतळावरून घरी नेणे, पोहोचताच त्याच्या आहारपद्धतीला साजेसे तयार जेवण देणे, ऋतुमानानुसार कपडे पुरवणे, सामाजिक सुरक्षा क्रमांकासाठी अर्ज करणे, वैद्यकीय तपासणी करवून घेणे ही कामे त्यात येत. घरातील वस्तूही नमूद असत: पलंग, गादी, टेबल-खुर्च्या, दिवा, पातेली, टॉवेल, साबण. सामान नवे असण्याची अट नव्हती, पण ते स्वच्छ व धड असावे लागे. पती-पत्नी किंवा एकाच लिंगाची लहान मुले यांखेरीज कोणालाही एकाच पलंगावर झोपायला लावू नये, असाही नियम होता. सोफा तिसऱ्या मजल्यावर चढवणारा स्वयंसेवक प्रत्यक्षात सरकारी कराराची पूर्तता करत असे.

हिशेबाच्या दृष्टीनेही ही सेवा जमेस धरली जाई. 'मॅचिंग ग्रँट' या योजनेत केंद्र सरकारच्या दर दोन डॉलरमागे संस्थेने एक डॉलर उभा करणे अपेक्षित असून, त्यातील काही भाग स्वयंसेवकांचे तास व देणगीतील वस्तू यांच्या किमतीतून दाखवता येतो. म्हणून स्वयंसेवकांना तासांची नोंद ठेवण्याचा आग्रह केला जातो. अनेकांना ती निरर्थक कारकुनी वाटते, पण त्या नोंदीवर निधी मिळत असतो.

कुटुंबावर वेळेचा ताण मोठा असतो. अमेरिकेत येण्याचे विमानभाडे हे आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेमार्फत मिळालेले बिनव्याजी कर्ज असते व त्याचे हप्ते काही महिन्यांतच सुरू होतात. त्यामुळे मिळेल ती पहिली नोकरी स्वीकारावी लागते. मायदेशी शिक्षक किंवा अभियंता असलेली व्यक्ती गोदामात अथवा मांस प्रक्रिया कारखान्यात पाळीवर जाते, ही पुनर्वसन व्यवस्थेवरील जुनी टीका आहे.

या काळात उपयोगी पडणारी मदत बऱ्याचदा अगदी साधी असते. पत्रपेटीत रोज पडणाऱ्या कागदांतून जाहिरात कोणती आणि मुदत असलेली सरकारी नोटीस कोणती हे नवख्या कुटुंबाला ओळखता येत नाही; उत्तर न दिल्यास शिधासाहाय्य थांबू शकते. घरातील धुराचा गजर का वाजतो, ९११ हा क्रमांक केव्हा लावायचा, भाडेकरारातील कोणती अट मोडली तर घर सोडावे लागते, हेही समजावून सांगावे लागते. कुटुंबाला दर वेळी आपल्या गाडीने दवाखान्यात नेण्याऐवजी दोनदा त्यांच्यासोबत बसने जावे आणि तिसऱ्यांदा त्यांना एकटे जाऊ द्यावे, अशी शिकवण प्रशिक्षणात दिली जाते. पहिल्या मार्गाने स्वयंसेवकाला समाधान लवकर मिळते, कुटुंबाच्या मात्र तो फारसा कामाचा नसतो.

दुभाषाचा प्रश्न

हल हाउसला जाणवलेली अडचण शंभर वर्षांनंतरही सुटलेली नाही. शाळेत जाणारे दहा-बारा वर्षांचे मूल सहा महिन्यांत बोलण्यापुरते इंग्रजी शिकते आणि घरमालक, बँक, डॉक्टर यांच्याशी आई-वडिलांच्या वतीने बोलू लागते. आईच्या गंभीर आजाराचे निदान मुलाने तिला सांगायचे किंवा शाळेत आपलीच तक्रार झाली असता शिक्षक काय म्हणाले ते मुलाने वडिलांना समजावून द्यायचे, अशी वेळ येते. पहिल्या प्रसंगात मुलावर न पेलणारे ओझे पडते. दुसऱ्यात खरे सांगायचे की नाही हे मूलच ठरवते आणि घरातील अधिकार नकळत उलटा होतो.

१९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणानुसार केंद्रीय निधी घेणाऱ्या संस्थांनी इंग्रजी न जाणणाऱ्यांना अर्थपूर्ण भाषासाहाय्य देणे बंधनकारक मानले गेले. आरोग्यसेवेबाबतच्या २०१६ च्या नियमाने आणीबाणीखेरीज अल्पवयीन मुलांना दुभाषा म्हणून वापरण्यास मनाई केली. नियम असूनही समोर बसलेले चुणचुणीत मूल भाषांतर करू लागले की सगळ्यांनाच सोयीचे वाटते. अशा वेळी दवाखान्याकडे दूरध्वनीवरील दुभाषाची मागणी करणे आणि तो येईपर्यंत थांबणे, हे सोबत गेलेल्या स्वयंसेवकाचे काम असते. दोन्ही भाषा येणाऱ्या स्वयंसेवकालाही वैद्यकीय किंवा कायदेशीर बाबतीत प्रशिक्षणाशिवाय दुभाषा होऊ दिले जात नाही.

नेपाळमधील छावण्यांतून २००८ पासून आलेल्या ९० हजारांहून अधिक नेपाळीभाषक भूतानी निर्वासितांपैकी अनेकांना हिंदी समजत असे. अशा ठिकाणी भारतीय वंशाचे रहिवासी दैनंदिन संवादासाठी उपयोगी पडले.

इंटर्न आणि कायद्याच्या मर्यादा

समाजकार्य, सार्वजनिक आरोग्य व कायदा या विषयांचे विद्यार्थी एखाद्या सत्रासाठी इंटर्न म्हणून येतात. समाजकार्याच्या पदवीसाठी क्षेत्रकार्य सक्तीचे असते. स्वयंसेवक आठवड्यातून काही तास देतो, तर इंटर्न कार्यालयात बसून कुटुंबाची कागदपत्रे हाताळतो, शाळांशी पत्रव्यवहार करतो आणि केसवर्करच्या देखरेखीखाली नोंदी ठेवतो. दोघांचीही पार्श्वभूमी तपासली जाते व दोघांनाही गोपनीयतेची हमी द्यावी लागते. कुटुंबाची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकण्यास सामान्यतः मनाई असते, कारण मायदेशी राहिलेल्या नातलगांना त्यातून धोका संभवतो. सत्र संपताच इंटर्न निघून जातो, हा या पद्धतीतील दोष आहे. आधीच अनेक माणसे गमावलेल्या मुलांना तो अधिक जाणवतो.

वास्तव्यासंबंधीचे अर्ज भरून देणे वरवर साधे वाटते. मात्र कोणता अर्ज करावा हा सल्ला देणे म्हणजे वकिली करणे होय. तो केवळ वकील किंवा न्याय खात्याची मान्यता असलेले संस्थांचे प्रतिनिधी देऊ शकतात. एका चुकीच्या उत्तराने वर्षानुवर्षांची प्रतीक्षा वाया जाऊ शकते.

शिक्षणासाठी एफ-१ व्हिसावर गेलेल्या भारतीय विद्यार्थ्यांना आणखी एक मर्यादा लागू होते. सेवाभावी संस्थेत नेहमीच विनावेतन असलेले काम ते करू शकतात, परंतु एरवी पगारी असलेली जागा फुकट काम करून भरणे ही अनधिकृत नोकरी ठरू शकते. मोबदला मिळणाऱ्या इंटर्नशिपसाठी अभ्यासक्रमांतर्गत प्रशिक्षणाची वा तत्सम परवानगी आधी घ्यावी लागते.

क्लार्कस्टन

अटलांटाजवळील क्लार्कस्टन हे छोटे नगर स्वस्त सदनिका व अटलांटाला जोडणारी सार्वजनिक वाहतूक यांमुळे पुनर्वसनाचे केंद्र बनले. २००४ मध्ये जॉर्डनमध्ये जन्मलेल्या लुमा मुफ्ले यांना रस्ता चुकून येथे आल्यावर एका आवारात अनवाणी फुटबॉल खेळणारी निर्वासित मुले दिसली. त्यांनी त्या मुलांचा 'फ्यूजीज' हा संघ उभारला. मैदानावर उत्तम खेळणारी काही मुले वाचू शकत नाहीत हे लक्षात आल्यावर त्यांनी खेळाडूंना शिकवणीला येणे सक्तीचे केले आणि पुढे स्वतंत्र शाळा सुरू केली. नगरातील सर्वांना हा बदल रुचला नाही. २००६ मध्ये महापौरांनी सार्वजनिक उद्यानात फुटबॉल खेळण्यास मनाई केली. पुढे नगरपरिषदेने संघाला मर्यादित काळासाठी मैदान वापरू दिले.

२०२१ नंतर

२०२१ मध्ये अफगाणिस्तानातून ७० हजारांहून अधिक लोक आल्यावर संस्थांची क्षमता अपुरी पडली. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये किमान पाच नागरिकांच्या गटाला थेट एखाद्या अफगाण कुटुंबाची जबाबदारी घेण्याची मुभा मिळाली. १९७९ पासून खाजगी पुरस्कर्त्यांची पद्धत राबवणाऱ्या कॅनडाचा आदर्श समोर ठेवून जानेवारी २०२३ मध्ये 'वेलकम कोअर' ही योजना सुरू झाली. तिने १९७५ चा जुना प्रश्न पुन्हा पुढे आणला: घर शोधून देणारा गट आणि त्या घरात राहणारे कुटुंब यांच्यात मतभेद झाल्यास कुटुंबाने कोणाकडे जायचे?

२० जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या आदेशाने निर्वासितांचा प्रवेश स्थगित करण्यात आला. काही दिवसांतच संस्थांना सरकारी निधीतील काम थांबवण्याची सूचना मिळाली. वेलकम कोअर बंद झाली व संस्थांना मोठ्या संख्येने कर्मचारी कमी करावे लागले. नुकतीच आलेली, नव्वद दिवसही पूर्ण न झालेली कुटुंबे सरकारी मदतीविना राहिली. अनेक शहरांत स्थानिक प्रार्थनास्थळे व स्वयंसेवकांनी वर्गणी काढून त्यांचे भाडे भरले. २०२६ या आर्थिक वर्षासाठी प्रवेशाची कमाल मर्यादा ७,५०० ठरवण्यात आली. २०२५ साठी ती १ लाख २५ हजार होती. विमानतळावरील स्वागताचे काम जवळपास थांबल्याने अनेक ठिकाणी स्वयंसेवकांचा भर आधीच वसलेल्या कुटुंबांना इंग्रजी शिकवणे व नागरिकत्व परीक्षेची तयारी करून घेणे यांवर आला आहे.