गाडीवरचा स्क्रॅच पॉलिशने जातो का? घासण्याआधी हे समजून घ्या

फोनवर पहिला स्क्रॅच पडला की जीव हळहळतो, तसंच गाडीचंही होतं. मग आपण व्हिडिओ बघतो आणि घासायला बसतो. मीही बसलो होतो. बाबांच्या सिल्व्हर गाडीच्या बॉनेटवर ओरखडा होता. मी ड्रिल मशीनला पॅड लावून तो घासत राहिलो. ओरखडा गेला, पण शेजारची कडही फिकट पडली. बाबा काहीच बोलले नाहीत, पण पूर्ण बॉनेट परत रंगवावं लागलं. ते पैसे मी दिले. चूक कुठे झाली, ते बघूया.

रंगाचे थर

आजकालच्या बहुतेक गाड्यांवर पत्र्यापासून वर असे थर असतात: गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. १ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यात क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसापेक्षाही पातळ. फोनला स्क्रीन गार्ड, तसा गाडीला हा थर. उन्हापासून रंगाला तोच वाचवतो.

पॉलिश नेमकं काय करतं?

पॉलिश स्क्रॅच भरत नाही. त्यातले बारीक कण आजूबाजूचा क्लिअर कोट घासून स्क्रॅचच्या तळाच्या पातळीला आणतात. म्हणजे दर वेळी थोडा थर कायमचा जातो. टूथपेस्टची युक्तीही याच तत्त्वावर चालते, कारण तिच्यातही घासणारे कण असतात. वॅक्स मात्र घासत नाही. ते फक्त वरून झाकतं, म्हणून काही धुण्यांनंतर स्क्रॅच परत दिसू लागतो.

आधी टेस्ट करा

१. त्या जागी पाणी मारा. ओलं असताना स्क्रॅच गायब झाला, तर तो बहुधा क्लिअर कोटमध्येच आहे. पॉलिशने जाऊ शकतो.

२. स्वच्छ जागेवरून नख हलकेच आडवं फिरवा. नख अडकलं तर स्क्रॅच खोल आहे. घासून पूर्ण काढायच्या नादाला लागू नका.

३. आत पांढरट-करडा प्रायमर किंवा पत्रा दिसतोय? मग पॉलिशचा उपयोग नाही, टच-अप पेंट लावा. पत्रा उघडा असेल तर लवकर लावा, नाहीतर गंज धरेल.

हाताने पॉलिश कसं करायचं?

- गाडी शॅम्पूने धुऊन कोरडी करा. धूळ राहिली तर तीच नवे ओरखडे पाडते.
- काम सावलीत करा. तापलेल्या पत्र्यावर पॉलिश लगेच सुकतं.
- कडा आणि काळ्या प्लॅस्टिकवर मास्किंग टेप लावा. कडांवर रंगाचा थर पातळ असतो आणि दाबही तिथेच जास्त पडतो. माझी चूक नेमकी इथेच झाली.
- सुरुवात सौम्य फिनिशिंग पॉलिशने करा. नाहीच जमलं तर कंपाउंड वापरा. ते जास्त घासतं.
- मायक्रोफायबर पॅडवर थोडंसं पॉलिश घेऊन एका वेळी फूटभर जागाच करा.
- पुसून फोनचा टॉर्च तिरका धरून बघा. बारीक गोल रेषा लगेच दिसतील.
- कंपाउंड वापरलं असेल तर वरून फिनिशिंग पॉलिश फिरवा. शेवटी वॅक्स.

कापडावर गाडीचा रंग येऊ लागला तर लगेच थांबा. बहुधा क्लिअर कोट संपलाय. काही जुन्या गाड्यांना क्लिअर कोट नसतोच, त्यांचा रंग थोडा येतोच. पण तिथेही घासताय तो रंगच, हे विसरू नका.

स्क्रॅच येतातच कशाला?

बहुतेक बारीक रेषा रोजच्या कोरड्या पुसण्याने पडतात. सोसायटीत एकाच फडक्याने सगळ्या गाड्या पुसल्या जातात, तेव्हा त्यातली धूळ सॅंडपेपरचं काम करते. आधी पाणी मारा, मग पुसा. धुताना शॅम्पूची आणि फडकं खळबळायची बादली वेगळी ठेवा.

आता बाबांच्या गाडीवर एखादी हलकी रेष दिसली तर मी ती तशीच सोडतो. क्लिअर कोट परत वाढत नाही. तो कुठे खर्च करायचा, हे आधी ठरवायचं आणि मगच पॅड हातात घ्यायचं.