शब्दांआधी शव

इ.स.पू. 44च्या 15 मार्चला सीझरचा खून झाला; कटवाल्यांची बाजू मात्र ढासळली ती काही दिवसांनी, त्याच्या अंत्यविधीत. थोर माणसाचे शव फोरममधल्या व्यासपीठाशी आणून लोकांसमोर त्याचे गुण गायचे, ही रोमची जुनी रीत. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने तिचे वर्णन केले आहे: पूर्वजांचे मुखवटे चढवलेली माणसे मिरवणुकीत चालत आणि एका घराचे दुःख साऱ्या शहराचे होई. कटाचा म्होरक्या ब्रूटसने सीझरसाठी ही रीत पाळू दिली. चरित्रकार प्लुटार्कच्या मते ती त्याची घोडचूक होती.

शेक्सपियरचे नाटक पाहिलेला वाचक म्हणेल, बाजी पालटली ती सीझरचा साथी अँटनी याच्या जिभेने. पण सीझरचा चरित्रकार स्वेटोनियस याच्या सांगण्याप्रमाणे अँटनीने सीझरला सन्मान देणारा सिनेटचा ठराव दवंडीवाल्याकडून वाचून घेतला आणि स्वतः तो मोजकेच बोलला. इतिहासकार आपियन त्याच्या तोंडी मोठे भाषण घालतो. तरी आपियनच्या वृत्तांतातही जमावाचा तोल जातो तो 23 जखमा दाखवणारा मेणाचा पुतळा पाहून. नाटकातल्या अँटनीलाही सीझरचा रक्ताळलेला झगा आणि त्याचे मृत्युपत्र लागतेच. ब्रूटसने आपल्या इभ्रतीच्या जोरावर लोकांना खुनाची कारणे दिली. अंत्यविधीने त्यांना सुतक दिले. सुतक पाळणाऱ्याला दगाच दिसतो, त्यामागचे तत्त्व नव्हे.