झाडू, दगड आणि बदामाची साखळी
कॅनडातल्या बायकांच्या राष्ट्रीय कर्लिंग स्पर्धेची गोष्ट

आज एका अशा खेळाविषयी बोलू या, ज्यात हातात झाडू घेऊन पळावं लागतं. हसू नका. खेळाचं नाव कर्लिंग. स्कॉटलंडमधल्या गोठलेल्या तळ्यांवर तो जन्मला, तिथून निघालेल्या लोकांबरोबर कॅनडात गेला आणि तिथलाच होऊन राहिला.

कॅरम आपल्या सगळ्यांना येतो. बोर्ड बर्फाचा आणि दीडशे फूट लांबीचा आहे, असं समजा. सोंगटीच्या जागी जवळजवळ वीस किलोचा ग्रॅनाइटचा घडीव दगड, वर मूठ बसवलेली. पलीकडच्या टोकाला बारा फूट रुंदीची वर्तुळं रंगवलेली असतात. त्यांना खेळाच्या भाषेत हाऊस म्हणतात, म्हणजे आपलं घर. एका संघात चार जणी, प्रत्येकीचे दोन दगड. घराच्या मध्याशी ज्यांचा दगड सर्वांत जवळ, गुण त्यांना. दगड सोडताना मुठीला हलका पीळ देतात, म्हणून तो पुढे जाऊन वळतो. या वळण्यावरूनच खेळाला नाव पडलं. दगड निघाला की दोघीजणी त्याच्या पुढे बर्फ घासत धावतात. घासल्यानं बर्फ किंचित गरम होतो, दगड जास्त लांब आणि जास्त सरळ जातो. चौथी, म्हणजे संघाची कप्तान, पलीकडून ओरडून सांगत असते. तिला स्किप म्हणतात.

आता ब्रश आले, पण पूर्वी कॅनडात खरेखुरे झाडू वापरत. ते ज्या झाडाच्या काड्यांचे बनत, ती ज्वारीचीच एक जात. दाण्यासाठी नाही, लांब काड्यांच्या कणसासाठी पिकवलेली. म्हणजे आपल्या भाकरीची ही लांबची बहीणच.

कॅनडाच्या मध्यभागी प्रेअरी नावाचं गवताळ सपाट मैदान आहे. सगळा गव्हाचा मुलूख. हिवाळ्यात शेत बर्फाखाली गेलं की काम थांबतं आणि गाव कर्लिंगच्या शेडमध्ये गोळा होतं. शेड म्हणजे गावाचं देऊळ, चावडी आणि समाजमंदिर, सगळं एकच. बायका तिथल्या स्वयंपाकघरातही असायच्या आणि बर्फावरही. मॉन्ट्रियलमध्ये तर बायकांचा स्वतंत्र क्लब १८९४ सालीच निघाला होता. तेव्हा खेळायला कोणी बंदी केली नव्हती. अडचण वेगळीच होती.

पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा १९२७ साली सुरू झाली. तिचं नाव ब्रायर. तंबाखूच्या एका मोठ्या कंपनीनं तिचा खर्च उचलला. देश केवढा! एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्याला जायला आगगाडीनं दिवसचे दिवस लागायचे. भाडं, राहणं, जेवण, यासाठी कोणीतरी पैसे घालणारं हवं. पुरुषांना ते मिळालं. बायकांना तशीच स्पर्धा मिळायला १९६१ साल उजाडलं. मधे चौतीस वर्षं गेली. १९५०च्या दशकात पश्चिमेकडच्या बायकांची आणि पूर्वेकडच्या बायकांची वेगवेगळी स्पर्धा होई. पश्चिमेच्या स्पर्धेला ईटन या कापडचोपड विकणाऱ्या मोठ्या दुकानाचा हातभार होता. मग बायकांनी स्वतःची देशव्यापी संघटना उभी केली आणि १९६१ साली ओटावात पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. पैसे दिले डोमिनियन या किराणा दुकानांच्या साखळीनं. पुरुषांना तंबाखूवाले, बायकांना वाणी! यावरून बाजाराला कोणाच्या हातात कशाची पिशवी दिसत होती, ते कळतं.

पहिली विजेती सॅस्कॅचेवान प्रांताची जॉयस मॅकी. याच गव्हाच्या मुलखातली. १९६९ साली ती पुन्हा जिंकली. मग तिनं एक गोष्ट केली, जी मला जिंकण्याहून मोठी वाटते. संघाचं कप्तानपद तिच्याहून धाकट्या व्हेरा पेझरकडे गेलं, तेव्हा मॅकी तिच्या हाताखाली खेळली. त्या संघानं १९७१, ७२ आणि ७३, अशी सलग तीन वर्षं स्पर्धा जिंकली. पेझर मानसशास्त्र शिकलेली. पुढे ती सॅस्कॅचेवान विद्यापीठाची कुलपती झाली आणि प्रेअरीतल्या कर्लिंगचा सामाजिक इतिहासही तिनं लिहून ठेवला.

या सगळ्या काळात स्पर्धेचं दुसऱ्याच्या दारात उभं राहणं काही संपलं नव्हतं. डोमिनियननं १९६७ नंतर हात काढून घेतला. चार वर्षं स्पर्धा आश्रयदात्याशिवाय चालली. १९७२ साली पुरुषांचीच तंबाखू कंपनी बायकांकडेही आली. १९७९नंतर तिनं दोन्ही स्पर्धा सोडल्या. आता पाहा काय झालं ते. पुरुषांच्या स्पर्धेला लगेच, १९८० सालीच, एक बिअर कंपनी मिळाली. बायकांना कोणीच मिळालं नाही. १९८० आणि १९८१, दोन वर्षं त्या पुन्हा आपल्या आपण खेळल्या.

आणि त्यातल्याच १९८० सालची विजेती मार्ज मिचेल, पुन्हा सॅस्कॅचेवानचीच, स्कॉटलंडला गेली आणि जागतिक विजेती झाली. कॅनडाच्या बायकांचं हे पहिलं जागतिक विजेतेपद. पुरुषांची जागतिक स्पर्धा १९५९पासून होती, बायकांची १९७९ साली कुठे सुरू झाली. मिचेल १९८३ साली कर्करोगानं गेली. राष्ट्रीय स्पर्धेत खिलाडूवृत्तीचं बक्षीस तिच्या नावानं देतात. ते कोणाला द्यायचं हे खेळाडूच मत देऊन ठरवतात.

कोंडी फोडली ती रॉबिन विल्सन नावाच्या बाईनं. ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या संघातून ती १९७६ आणि १९७९ अशी दोनदा जिंकलेली. नोकरी होती स्कॉट पेपर कंपनीत. ही कंपनी कागदी रुमाल आणि तशाच घरगुती कागदी वस्तू बनवणारी. विल्सननं आपल्याच साहेबांपुढे प्रस्ताव मांडला: ही स्पर्धा आपण घेऊ. कंपनीचं गिऱ्हाईक बायका, खेळणाऱ्या बायका. हिशोब सरळ होता, पण तो मांडायला दोन्हीकडचं माहीत असलेलं माणूस लागलं. १९८२ साली रिजायना शहरात 'स्कॉट टूर्नामेंट ऑफ हार्ट्स' भरली. हार्ट्स म्हणजे पत्त्यातले बदाम. भाग घेणाऱ्या प्रत्येकीला बदामांची सोन्याची साखळी मिळू लागली. पुन्हा आली की त्यात हिऱ्याची भर. हरलेल्या संघातली बाईसुद्धा दागिना घालून घरी जायची. काहींना हे नटवं वाटेल, मला नाही वाटत. ढाल कपाटात राहते, साखळी गळ्यात. त्या वर्षी नोव्हा स्कोशियाची कॉलीन जोन्स जिंकली. पुढे तिनं आणखी पाच वेळा ही स्पर्धा जिंकली, त्यातल्या चार सलग, आणि टीव्हीवर बातमीदारीची नोकरीही केली. स्पर्धेचं नाव २००७ सालापासून 'स्कॉटीज' झालं आहे.

आता सँड्रा श्मर्लर. बिगर नावाच्या छोट्या गावातली. १९९३, ९४ आणि ९७ साली तिच्या संघानं राष्ट्रीय स्पर्धा जिंकली आणि तिन्ही वेळा जागतिकही. १९९८ साली नागानोला ऑलिंपिकमध्ये बायकांच्या कर्लिंगला पहिल्यांदा पदक ठेवलं गेलं. त्यासाठीची निवड स्पर्धा झाली १९९७च्या नोव्हेंबरात. तेव्हा सँड्राची पहिली लेक दोन-अडीच महिन्यांची होती. आपल्याकडे बाळंतीण अजून शेक-शेगडीतून नीट बाहेर आलेली नसते, तोवर ही बाई वीस किलोच्या दगडामागे बर्फावर घसरत होती. ती जिंकली आणि नागानोहून सुवर्णपदकही आणलं. १९९९च्या जूनमध्ये दुसरी मुलगी झाली, सप्टेंबरात कर्करोगाचं निदान झालं. २ मार्च २००० रोजी ती गेली, छत्तीस वर्षांची. अंत्यविधी टीव्हीवरून देशभर दाखवला गेला. त्याच आठवड्यात सॅस्कॅटूनमध्ये पुरुषांची ब्रायर चालू होती. तिथे सामने थांबवून लोकांनी तो पाहिला. अपुऱ्या दिवसांच्या आणि आजारी बाळांच्या उपचारांसाठी यंत्रसामग्री देणारी संस्था आज तिच्या नावानं काम करते.

बाळंतपण आणि बर्फ यांची गोष्ट तिथे संपली नाही. २०२१ साली कोविडमुळे कॅल्गरीत प्रेक्षकांविना स्पर्धा झाली. ओंटारिओची कप्तान रेचल होमन आठव्या महिन्याच्या पोटानिशी खेळत होती. दगड सोडताना जवळजवळ बर्फाला टेकावं लागतं, हे लक्षात घ्या. ती अंतिम सामन्यापर्यंत गेली आणि केरी आइनारसनच्या संघाकडून ९-७ अशी हरली. थोड्याच आठवड्यांत तिला मुलगी झाली. २०२४ साली स्पर्धा पुन्हा कॅल्गरीतच भरली, या वेळी प्रेक्षकांसह, आणि होमन जिंकली.