घाटाने पारखलेली मोटार

बुऱ्हाणपुरावरील शिंद्यांचा अंमल १८६० मध्ये संपला; तरी येथे पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या मराठी घराण्यांना ग्वाल्हेर कधी परके वाटले नाही. तिकडच्या वैभवाच्या गप्पा निघाल्या की संस्थानी मोटारींचा विषय हटकून येतो. गाडी कोणाची, हे सारे सांगतात. ती चाले कशी, हे क्वचितच कोणी विचारतो.

महाराज माधवराव शिंदे यांनी घेतलेली ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ ही रोल्स-रॉइस या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. १९०८ मध्ये ती मुंबई-कोल्हापूर चाचणीत उतरली. सह्याद्रीचे घाट तिने यशस्वीपणे पार केले आणि त्यानंतर ती ग्वाल्हेर दरबारी गेली. दरबारी मान मिळण्यापूर्वी तिची परीक्षा मराठी मुलखाच्या घाटांनी घेतली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

या यशाचे मर्म इंजिनात होते. हेन्री रॉइस यांच्या ‘४०/५०’ जातीच्या या गाडीला सात लिटरांचे, सहा सिलिंडरांचे इंजिन असे. सिलिंडर वाढले की त्यांची शक्ती चाकांकडे नेणारा क्रँकशाफ्ट लांबतो. प्रत्येक स्फोटासरशी त्याला पीळ बसतो, तो थरथरतो आणि प्रसंगी मोडतो. त्या काळच्या कित्येक सहा सिलिंडरी गाड्या याच दोषाने बदनाम झाल्या होत्या. रॉइस यांनी सिलिंडर तीन-तीनच्या दोन गटांत ओतविले, क्रँकशाफ्ट भक्कम केला आणि त्यास सात बेअरिंगांचा आधार दिला. बेअरिंगांना दाबाने तेल पोहोचविले. ठिणगीसाठी मॅग्नेटो आणि कॉइल अशा दोन व्यवस्था ठेवल्या. गाडीची विख्यात नीरवता या काटेकोरपणातून आली होती.

याच जातीच्या ‘सिल्व्हर घोस्ट’ गाडीने १९०७ मध्ये ब्रिटनमध्ये, टायरांचे थांबे वगळता, सलग १४,३७१ मैल बिघाडाविना कापले. नंतर ती सुटी करून तपासली, तेव्हा बदलावयाच्या भागांचा खर्च भरला अवघा दोन पौंड, दोन शिलिंग, सात पेन्स!

आपल्या कुंडी भंडाऱ्याचेही असेच नाही काय? सातपुड्याकडून झिरपणारे पाणी केवळ उताराच्या बळावर भूमीखालून नगरात आणणारी ही मोगलकालीन रचना. ती कोणाच्या अमदानीत झाली, हे आपण मुलांना सांगतो. तिचा उतार कसा साधला असेल, हेही सांगावयास हवे. मालकांची नावे कागदोपत्री टिकतात. कारागिराची बुद्धी मात्र समजून घेतली तरच पुढे जाते.